छांगू तलावाकाठी चालताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत दार्जिलिंग-सिक्कीमची सहल करण्याची पद्धत आता आपल्याकडेही चांगली रुळली आहे. या सहलीत गंगटोकहून एका दिवसात छांगू तलाव पाहून येण्याचा कार्यक्रम बहुधा असतोच. वसंतात तलावावरचे बर्फ वितळू लागते आणि मे महिन्यात काठाच्या उतारांवर रानफुले दिसतात. सुमारे एक किलोमीटर लांबीच्या या तलावाकाठी चालणे म्हणजे गावच्या तळ्यावरची संध्याकाळची फेरी, असे पाहणाऱ्याला वाटते. पण फरक वाटेत नाही, हवेत आहे. तो नीट समजून घेतला तर ही सहल आनंदाची होते.

हवा विरळ म्हणजे काय?

गंगटोकची उंची सुमारे १६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकी. तेथून सुमारे ४० किलोमीटरवरचा छांगू मात्र ३७५३ मीटरवर (१२,३१३ फूट) आहे. मोटारीने दोन-अडीच तासांत आपण आणखी दोन हजार मीटर वर चढतो. उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण घटते, असा समज आहे. प्रत्यक्षात प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे छांगूला एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास आणि नाडी जलद होतात. म्हणून चालताना थोडी धाप लागणे स्वाभाविक आहे. थांबल्यावर मात्र ती लवकर शमली पाहिजे. शरीर या हवेला सरावण्यास काही दिवस लागतात, दोन तास पुरत नाहीत.

डोके दुखू लागले तर

साधारण २५०० मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसू शकतात. ती बहुधा काही तासांनी सुरू होतात. तरुण, व्यायाम करणारेही यातून सुटत नाहीत. उलट बर्फ पाहून धावाधाव करणाऱ्यांनाच हा त्रास अधिक जाणवतो. छांगूला जाणारे मुक्कामाला गंगटोकला परततात, हा मोठा फायदा आहे. खाली आल्यावर त्रास बहुधा ओसरतो. मात्र डोके दुखत असताना पुढे ४३१० मीटरवरच्या नाथू ला खिंडीकडे मुळीच जाऊ नये. विसाव्यातही धाप लागणे, फेसाळ थुंकीचा खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, तर त्या माणसाला ताबडतोब खाली आणून रुग्णालयात न्यावे.

कापराची वडी हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूचा विकत मिळणारा लहान डबा काही मिनिटांत संपतो. या दोहोंच्या भरवशावर वर थांबणे चुकीचे आहे. विरळ हवेच्या त्रासावर असिटाझोलामाइड ही गोळी आहे, पण ती प्रत्येकाला चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कोणी आधी विचारावे?

हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेले, चालताना छातीत दुखणारे, जुना दमा किंवा फुप्फुसाचा विकार असलेले, रक्त फार कमी असलेले रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब आटोक्यात असेल तर सहसा जाता येते. गोळ्या मात्र चुकवू नयेत. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून आतल्या खिशात ठेवावे.

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. ज्यांना हा आजार आहे त्यांनी एवढ्या उंचीवर जाणे टाळलेलेच बरे. जे केवळ वाहक आहेत ते एरवी ठणठणीत असतात, पण अशा उंचीवर त्यांच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली तीव्र दुखू लागले तर ‘गॅस झाला’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

ऊन, थंडी आणि बर्फ

गंगटोकपेक्षा छांगूला बारा-तेरा अंशांनी अधिक थंडी असते, पण ऊन मात्र प्रखर. ताजे बर्फ अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. काळा चष्मा नसेल तर संध्याकाळी डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. चष्मा लहान मुलांनाही हवाच. पायमोजे ओले झाले तर लगेच बदलावेत.

४ एप्रिल २०२३ रोजी याच रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ हिमकडा कोसळून सात पर्यटक मृत्युमुखी पडले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच दिला होता, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले. परवान्याची मर्यादा आपल्या जिवासाठीच असते.

थोडक्यात, गंगटोकला पोहोचल्यावर एक दिवस विश्रांती घ्यावी आणि आदल्या रात्री मद्य टाळावे. सकाळी हलका नाश्ता करून निघावे, पाणी पीत राहावे. तलावाशी उतरल्यावर पंधरा मिनिटे बसावे, मग गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालावे. दुपारी हवा बिघडण्यापूर्वी परतीला लागावे. पुष्कळ जण, विशेषतः घरातील वडीलधारी मंडळी, ‘आपल्यामुळे सर्वांची सहल बिघडेल’ म्हणून डोकेदुखी लपवतात. तेव्हा निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे, की कोणीही ‘बरे वाटत नाही’ म्हटले तर गाडी लगेच वळवायची. तलाव पुढच्या वर्षीही तेथेच असेल.