कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि पोहताना अंग दुखायला लागलं? दोष नेमका कुणाचा?

पन्नाशी ओलांडलेला माणूस. वीस वर्षं रोज सकाळी टँकवर जाऊन चाळीस लॅप मारणारा. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं, डॉक्टर रोजची एक गोळी लिहून देतात. महिन्याभरात दहाव्या लॅपलाच खांदे जड होतात, मांड्या भरून येतात, पोटरीत गोळा येतो. मग वय झालं म्हणत तो पोहणं सोडतो, नाहीतर कुणालाही न विचारता गोळी सोडतो.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे.

ही गोळी करते काय?

ती बहुतेक वेळा स्टॅटिन गटातली असते. अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही त्यातली नेहमीची नावं. जपानच्या अकिरा एंडो यांना 1970 च्या दशकात एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला हे औषध अडवतं. मग यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेतं. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका त्यामुळेच कमी होतो.

पण काहींना याचा स्नायूंवर त्रास होतो. त्यामागचं नेमकं कारण शास्त्रज्ञांमध्ये अजून वादाचं आहे.

पोहणाऱ्यांनाच का जाणवतं?

पोहताना खांदे, पाठ, मांड्या सगळंच एकदम कामाला लागतं. खुर्चीत बसून न कळणारा थकवा पाण्यात लगेच कळतो. ऑस्ट्रियात 2004 साली 22 व्यावसायिक खेळाडूंची माहिती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार होता. त्यातल्या फक्त सहा जणांना एखादं तरी स्टॅटिन सोसलं.

शिवाय टँकमध्ये गोळा आला तर कठडा धरता येतो. मालवणच्या चिवला बीचसारख्या समुद्रातल्या स्पर्धेत तो नसतो.

पण प्रत्येक दुखणं गोळीचंच नसतं

2020 मध्ये ब्रिटनच्या एका अभ्यासात स्टॅटिन सोडून दिलेल्या 60 लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं ठेवलं. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासापैकी 90 टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला! दुखणं खरं होतं, पण त्याचं कारण बहुतांशी औषधाची धास्ती होती. याला नोसिबो इफेक्ट म्हणतात.

2013 च्या अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात 420 निरोगी लोकांपैकी काहींना सहा महिने 80 मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन दिलं, बाकीच्यांना खोटी गोळी. स्नायूदुखी 9.4 टक्के विरुद्ध 4.6 टक्के निघाली. म्हणजे त्रास काहींना खरंच होतो. पण ताकद आणि दमसास सरासरीने कमी झाला नाही.

मग ओळखायचं कसं?

पोहून दुखावलेला खांदा बऱ्याचदा एकाच बाजूचा असतो आणि ठरावीक स्ट्रोकला दुखतो. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत असतं. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होतं.

डॉक्टर सीपीके नावाची रक्ततपासणी करायला सांगू शकतात. जोरदार व्यायामानेही सीपीके वाढतं. त्यामुळे आदल्या दिवशी दोन तास पोहलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर रिपोर्ट फसवतो. थायरॉइड किंवा ड जीवनसत्त्व कमी असलं, तरी अंग दुखतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत चालू असेल, तर काही स्टॅटिनचा त्रास वाढतो.

हे दिसलं तर थांबायचं नाही

स्नायू प्रचंड दुखत असतील, अंगात ताकदच उरली नसेल आणि लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यात स्नायू विरघळून किडनी निकामी होऊ शकते. हे फार क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

बाकीच्या त्रासावर मार्ग असतात. डॉक्टर डोस कमी करतात, स्टॅटिन बदलतात, एक दिवसाआड देतात किंवा एझेटिमाइबसारखं वेगळं औषध जोडतात. गोळी अचानक बंद केली की कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत पुन्हा वर जातं, आणि ते वाढलेलं पाण्यात उतरल्यावर जाणवतही नाही.

त्यामुळे टँकही सोडायचा नाही आणि गोळीही परस्पर सोडायची नाही. कुठे दुखतं, कधीपासून आणि कितव्या लॅपला, एवढं लिहून डॉक्टरांसमोर ठेवलं तरी अर्धं काम होतं.