सरडा कुंपणापाशीच का थांबतो?

कुणाची झेप तोकडी आहे हे सांगायचं तर मराठी माणूस सरड्याला मध्ये ओढतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हा तसा टोमणाच. पण ज्यांनी ही म्हण पाडली त्यांनी सरडा नीट पाहिलेला होता. किनवटकडे सागाच्या रानाला लागून कापसाची शेतं आहेत. अशा शेताला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण असेल, तर पहिल्या पावसाच्या आगेमागे त्यावर नर सरडा हमखास दिसतो. डोकं-खांदे लालभडक, गळ्याशी काळा डाग आणि पुढच्या पायांवर जोर काढणं चालूच. हद्दीत घुसू पाहणाऱ्या दुसऱ्या नराला दिलेली ती तंबी असते. या लालीमुळे इंग्रजांनी त्याला 'ब्लडसकर' ठरवलं. बिचारा खातो किडे-मुंग्या!

त्याला मोकळ्यावर गाठून हुसकावलं की तो सुसाट सुटतो, काट्यांत शिरतो आणि थांबतो. थांबणं त्याला भागच असतं. सरड्याचे पाय धडाच्या दोन्ही अंगांना फाकलेले, त्यामुळे पळताना धड डावी-उजवीकडे वळवावं लागतं. हे वळवणारे बरगड्यांचे स्नायू आणि श्वास ओढणारे स्नायू एकच. एका वेळी दोन्ही कामं जमत नाहीत. म्हणजे जोरात पळायचं तर श्वास जवळजवळ रोखूनच. मग स्नायू ऑक्सिजनविना राबतात, लॅक्टिक आम्ल साचतं आणि दम संपतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कॅरियर यांनी १९८७ मध्ये ही अडचण मांडली.

घोरपडीची ठेवणही अशीच, तरी ती जास्त टिकते. आफ्रिकी घोरपडींवरचं संशोधन १९९९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं: पळताना ती गळ्याची पिशवी भात्यासारखी हलवून फुप्फुसात हवा ढकलते. तोंड उघडं ठेवून हा भाता बंद पाडला, तर तिलाही पळताना हवा कमी पडते. 

सरड्याचं मात्र अशा भात्यावाचून काही अडत नाही. तो दबा धरून बसणारा शिकारी. किडा टप्प्यात आला की एक धाव, आणि परत काट्यांवर. मादीला तेवढं खाली यावं लागतं. ओल्या भुसभुशीत मातीत खड्डा करून ती अंडी पुरते, आणि पुढे त्यांच्याकडे फिरकतही नाही.