रुपयाचा भाव आणि मजुराची चूल

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना आम्ही सारे ओळखतो. परंतु चलन आणि परदेशी हुंडणावळ हा त्यांच्या तरुणपणीच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. अकोले तालुक्यातील माताभगिनींना हा विषय दूरचा वाटेल. पण तो थेट त्यांच्या चुलीपर्यंत येतो.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम. ए. झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून त्यांनी १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला.

प्रश्न काय होता? आपला रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी उतरली, तसा रुपयाही घसरला. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि पुढे रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स ठरविला. केन्स यांच्यासारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने ही पद्धत उचलून धरली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. सरकार मन मानेल तितके रुपये पाडू लागले, तर महागाई वाढणारच. म्हणून रुपये पाडण्यावर कायमची मर्यादा हवी, असे त्यांनी मांडले. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात आपला मतभेदही नोंदविला!

१९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की माल बाहेर पाठविणाऱ्याला नफा होतो. पण हा नफा परदेशातून येत नाही. भाव वाढतात तशी मजुरी वाढत नाही, म्हणून तो मजुराच्या ताटातून जातो, हे त्यांचे म्हणणे. मध्यवर्ती बँकेची शिफारस याच आयोगाने १९२६ साली केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

आजही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. रुपया घसरला की तेलाची पिशवी महागते. भातलावणीला जाणाऱ्या बाईची रोजंदारी मात्र त्याच आठवड्यात वाढत नाही. बाबासाहेबांनी दाखविलेला हिशेब हाच.

हे लेखन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आहे. कॉमर्स शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी ग्रंथालयात तो खंड मागावा, निदान चार पाने वाचावीत. आणि रुपया घसरल्याची बातमी कानी आली, की आपण सर्वांनी एकच विचारावे : याचा बोजा कोणाच्या ताटावर पडणार?