फेरेट पाळून उसातले उंदीर हटतील काय?



फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा, मांस खाणारा पाळीव प्राणी. इंग्लंडात तो मुख्यतः सशांच्या बिळात सोडतात. नवशिक्याने आधी पिल्लू रोज हाताळून माणसाळवायचे. मग बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावून जनावर आत सोडायचे. त्याचे काम हुसकून काढण्याचे, पकडायचे काम जाळीचे. एक तोंड उघडे राहिले की ससा पसार! आतच शिकार साधली तर फेरेट तिथेच खाऊन झोपतो अन् मालक खणत बसतो.

आता आपले पाहू. ३० अंशांपुढे फेरेटला उष्माघाताचा धोका असतो. आपला उन्हाळा त्याला कसा सोसणार? शिवाय बांधभर बिळे, तोंडे किती झाकणार?

जमैकात १८७२ साली उसातल्या उंदरांसाठी हिंदुस्थानातून ९ मुंगसे नेली. आरंभी उंदीर घटले. पण मुंगूस दिवसा फिरते, उंदीर रात्री. पुढे मुंगसांनी कोंबड्या अन् पाखरांची अंडी फस्त केली. आपल्या बांधावर मुंगूस आयतेच आहे. त्याला राहू द्या. त्याला पकडून पाळायला कायद्याने बंदी आहे.

तेव्हा पैसा जनावरात घालू नका. बांधावरचे गवत काढा. संध्याकाळी बिळे बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत, उपाय तिथेच करा. ऊस लहान असताना घुबडाला बसायला पक्षीथांबे रोवा. आणि हे सगळे शेजाऱ्यांसह एकाच वेळी करा. नाहीतर त्यांचा उंदीर तुमच्या उसात आलाच म्हणून समजा.

— ऊस विकास अधिकारी