पुलाचा क्यूब, २८ दिवस आणि एक लॉगिन: टेस्टिंग सॉफ्टवेअरसाठी माणसं तयार करायची म्हणजे काय?

मुंबई-गोवा हायवेने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून संगमेश्वरला गेला असाल तर चौपदरीकरणाचं काम तुम्ही पाहिलंच असेल. बसच्या खिडकीतून क्रेन दिसते, काँक्रीटचे मिक्सर दिसतात, अर्धे उभे राहिलेले खांब दिसतात. पण कुठेतरी आत, पत्र्याच्या शेडमध्ये एक पाण्याची टाकी असते आणि तिच्यात काँक्रीटचे चौकोनी ठोकळे बुडवून ठेवलेले असतात. ते काही दिसत नाहीत. मी दोन वर्षं अशा एका शेडमध्ये काम केलं आहे. कुठल्या कंपनीच्या, ते सोडून द्या. पण त्या काळात रजिस्टर जाऊन सॉफ्टवेअर आलं आणि ते येताना काय काय झालं, ते मी जवळून बघितलं.

या ठोकळ्यांना साइटवर सगळे ‘क्यूब’ म्हणतात. आज हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांचे आकडे मोबाइलमध्ये भरणाऱ्या माणसांबद्दल.

आधी क्यूब समजून घेऊ

खांबात काँक्रीट ओतलं की ते किती मजबूत झालं हे खांब फोडून बघता येत नाही. म्हणून त्याच मिक्सरमधलं थोडं काँक्रीट घेऊन १५० मिलिमीटरच्या साच्यात भरतात, सळीने ठासतात. साधारण २४ तासांनी साचा सोडवून क्यूब पाण्यात. पाण्याचं तापमान २७ अंशांच्या आसपास, दोन अंश इकडेतिकडे. काही क्यूब ७ दिवसांनी फोडतात, म्हणजे अंदाज येतो. खरा निकाल २८ दिवसांचा.

फोडतात म्हणजे दाबयंत्रात ठेवून, तो तुटेपर्यंत भार वाढवत नेतात. एम-३० दर्जाचं काँक्रीट असेल तर त्याने दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन सोसले पाहिजेत. क्यूबचा एक चेहरा १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. त्याला ३० ने गुणा: ६,७५,००० न्यूटन, म्हणजे ६७५ किलोन्यूटन. ढोबळ हिशेबात ६८ टनांहून जास्त भार, तुमच्या तळहाताहून थोड्या मोठ्या पृष्ठभागावर.

(कसब्याचं कर्णेश्वर मंदिर एकाही क्यूब टेस्टशिवाय शेकडो वर्षं उभं आहे, असं आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणतो. खरं आहे. पण त्याच्यावरून कंटेनर जात नाहीत.)

असंच मुरमाच्या थराचं दाबणं, खडीची ताकद, डांबराचं प्रमाण, सगळ्याची तपासणी होते. कितव्या घनमीटरला किती नमुने घ्यायचे हेसुद्धा ठरलेलं आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकात १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, असं कोष्टकच दिलंय. एका नमुन्याचे तीन क्यूब. आता एका मोठ्या पुलाचं काँक्रीट डोळ्यासमोर आणा आणि किती कागद होतील याचा विचार करा.

मग सॉफ्टवेअर नक्की करतं काय?

अशा सॉफ्टवेअरला लॅब माहिती व्यवस्था म्हणता येईल. अमेरिकेत रस्तेवाल्यांची आश्टो नावाची संघटना आहे. तिचं असंच सॉफ्टवेअर तिथल्या बऱ्याच राज्यांचे वाहतूक विभाग वापरतात आणि त्यात साहित्य तपासणीचा वेगळा भाग आहे. आपल्याकडे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे तपासनीस रस्त्यावर उभं राहून मोबाइल ॲपमधून जागेसकट फोटो चढवतात, आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये आपलं कामकाज ‘डेटा लेक’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर नेलं. संगमेश्वरच्या टप्प्याचं काम मात्र प्राधिकरणाकडे नाही, ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे. म्हणजे एकाच हायवेवर दोन कार्यालयं आणि दोन रीती. ठेकेदार बदलला की लॅबमधला माणूस आज एक पद्धत शिकतो, उद्या दुसरी.

सोप्या भाषेत सांगायचं तर व्हॉट्सॲपवर मेसेज बदलला की खाली ‘एडिटेड’ दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. टेस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दिसतं: जुना आकडा, नवा आकडा, कोणी बदलला, किती वाजता. रजिस्टरमध्ये पान बदलता यायचं. इथे तसं करता येत नाही.

आणि भीती इथेच सुरू होते.

बटणं शिकवणं सोपं आहे

ट्रेनिंग म्हटलं की प्रोजेक्टर, दोन तासांचं भाषण, चहा-बिस्किट आणि शेवटी ‘काही शंका?’ शंका कोणालाच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनाच असते.

आमच्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात जे अडलं ते मी अजून विसरलो नाही. एकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू होता, तो ‘३४.२’ टाकायचा आणि ॲप म्हणायचं, आकडा टाका. तो म्हणायचा, अहो हा आकडाच आहे! दुसऱ्याने ताकदीच्या रकान्यात भार टाकला, ३० च्या जागी ६७५. क्यूबवर चिकटवलेले क्यूआर कोडचे स्टिकर टाकीत दोन दिवसांत सुटून तरंगायला लागले. शेवटी क्यूबवर पूर्वीसारखा रंगाने नंबर घातला आणि क्यूआरचं कार्ड टाकीबाहेर खिळ्याला टांगलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने पाण्याची टाकी कधी बघितलीच नसणार, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

अडचण लक्षात आली की या सगळ्याला अर्ध्या दिवसात उपाय निघतो. स्क्रीनवरचे शब्द इंग्रजी असतील तर मराठी आणि हिंदीत एक चित्रांचं कार्ड करून भिंतीवर लावायचं. हिंदी यासाठी की साइटवरचे बरेच मदतनीस बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात. नेट नसेल तिथे ॲप आकडे फोनमध्येच ठेवतं आणि रेंज आली की वर पाठवतं, यालाच ‘सिंक’ म्हणतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं की माणूस निर्धास्त होतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नोंद करा, मोड काढा, नोंद गेली का बघा. पाच मिनिटांचं काम, पण ते प्रत्येकाने आपल्या हाताने केलं पाहिजे.

आणखी एक. तरुण पोरं ॲप पटकन शिकतात, वयस्कर माणसं अडखळतात असा समज असतो. अर्धंच खरं आहे. आमच्याकडे एक काका होते, स्मार्टफोन हातात धरायचे तो गरम तवा धरल्यासारखा. पण मिक्सरमधून काँक्रीट पडताना बघून पाणी जास्त झालंय हे सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं. मी आकडे भराभर भरायचो, काका विचारायचे, ‘सात दिवसाला एवढा कसा आला रे? परत बघ.’ चांगल्या ट्रेनिंगमध्ये अशा दोघांना एकत्र बसवतात. एकाची बोटं, दुसऱ्याचे डोळे.

लाल रंग आला की काय करायचं?

आता मुद्द्याचं. सरावासाठी सॉफ्टवेअरची खोटी प्रत देतात, तिच्यात काहीही बिघडलं तरी चालतं. तिच्यात मुद्दाम फसवे आकडे टाकून बघायला हवेत. हे घ्या एक उदाहरण. एम-३० चे तीन क्यूब: ३४.२, ३५.१ आणि २६.०. सरासरी काढा, ३१.७७ येते. तीसच्या वर आहे, म्हणजे रजिस्टर भरणारा खूश. पण आयएस ४५६ म्हणतं की कुठलाही एक क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब नको. ३१.७७ चे १५ टक्के म्हणजे ४.७७. खालची हद्द २७.००. आपला तिसरा क्यूब २६.०. नमुना बाद! सॉफ्टवेअर लगेच लाल रंग दाखवेल.

लॅबमधल्या माणसाचा पुढचा प्रश्न असतो, ‘आता मला कोण बोलणार?’

हे नीट समजून घ्या. साइट लॅबमधल्या मुलाला पगार बहुतेक वेळा ठेकेदार देतो. लाल निकाल म्हणजे काम थांबणार, वर फोन जाणार, बिल अडकणार. कोणी स्पष्ट सांगितलं नसेल तर तो स्वतःच वाट काढतो: आधी क्यूब फोडून बघायचा, निकाल बरा आला तर ॲपमध्ये भरायचा. नाहीतर ‘क्यूब खराब झाला होता’. सॉफ्टवेअर असूनसुद्धा जुनं रजिस्टरच चालू राहिलं, फक्त डोक्यात.

सॉफ्टवेअरकडे यावर थोडा इलाज आहे. क्यूब भरतानाच त्याला नंबर मिळाला, तर २८ व्या दिवशी तो नंबर ‘बाकी’च्या यादीत येतो. तीन भरले आणि दोनच फोडले, तर तिसरा कुठे गेला हे यादी विचारते. म्हणून क्यूब भरणाऱ्या, मिक्सरपाशी उभ्या असलेल्या माणसाचं ट्रेनिंग लॅबवाल्याच्या इतकंच महत्त्वाचं. त्याला बहुतेक ठिकाणी बोलावतच नाहीत.

पण यादीने सगळं भागत नाही. साच्यात काँक्रीट नीट ठासलंच नाही, किंवा क्यूबसाठी मुद्दाम वेगळं, चांगलं काँक्रीट घेतलं, तर सॉफ्टवेअरला ते कळणार नाही. त्याला फक्त आकडा कळतो. माझ्या मते ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला वरिष्ठ अभियंत्याने समोर उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, खरा लाल निकाल भरणाऱ्याला काही होणार नाही. दोन, लाल निकालानंतर नक्की कोण, किती वेळात, काय करणार. दुसरी गोष्ट लेखी हवी. हे न सांगता बाकीचे चार दिवस शिकवलं तरी फार उपयोग नाही.

लॉगिनचंही तसंच आहे. अख्ख्या लॅबला एक पासवर्ड आणि तो भिंतीवर खडूने लिहिलेला, हे मी पाहिलंय. मग ‘कोणी बदललं’ या नोंदीला अर्थच राहत नाही. प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, आणि नमुना घेणारा, तपासणारा, मंजूर करणारा ही तीन माणसं वेगळी ठेवा. उद्या वाद झाला तर हा लॉगिन तुमच्याच बाजूचा पुरावा आहे, हे एकदा पटलं की कोणी पासवर्ड सहज देत नाही.

१६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. त्याची तांत्रिक कारणं हा इथला विषय नाही. पण त्या आठवड्यात कोकणात प्रत्येक टपरीवर एकच प्रश्न होता, हे तपासलं कोणी? तेव्हा उत्तर म्हणून कोणाच्या तरी सहीची, वेळेची, न पुसता येणारी नोंद हातात असणं, यासाठी हा सगळा खटाटोप.

रजिस्टर कधी बंद करायचं?

समजा १ ऑगस्टला सॉफ्टवेअर सुरू केलं. ३१ जुलैला भरलेला क्यूब २८ ऑगस्टला फुटणार. त्याचा जन्म रजिस्टरमध्ये आणि निकाल ॲपमध्ये! म्हणून टाकीत असलेला प्रत्येक जुना क्यूब आधी नंबरासकट ॲपमध्ये चढवायचा आणि निदान एक महिना, शक्यतो दीड, दोन्हीकडे नोंद ठेवायची. दुप्पट काम होतं, माणसं वैतागतात, मान्य. पण दर शनिवारी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघितले की कुठला रकाना सगळ्यांना चकवतोय ते कळतं.

तारीखही विचार करून ठरवावी. मे महिन्यात पावसाच्या आधी काम उरकायची घाई असते, तेव्हा कोणाला शिकायला वेळ नसतो. पावसाळ्यात बाहेरचं काम मंदावतं, तेव्हा वर्ग घ्यायला बरं. फक्त गणपतीचा आठवडा सोडून, नाहीतर हॉलमध्ये प्रोजेक्टर एकटाच बसेल. ऑक्टोबरला पाऊस उघडला, काम परत जोरात सुरू झालं की मग खरं लॉगिन, आणि पहिले २८ दिवस शिकवणारा माणूस लॅबमध्येच बसलेला हवा, फोनवर नव्हे. पहिला क्यूब पूर्ण फिरून निकालापर्यंत येईस्तोवर तेवढे दिवस लागतातच.