दीड मिनिटाला एक थेंब

संपादकांनी शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणाऱ्या इन्फ्युजन पंपावर लिहायला सांगितलं आणि मी इस्लापूर गाठलं. किनवट तालुक्यातलं हे गाव. सहस्रकुंडचा धबधबा जवळ, पण नांदेड शंभरेक किलोमीटर लांब. नांदेडच्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेल्या एक सिस्टर इथे राहतात.

शिरेतून सलाइन देण्याचा इतिहास १८३२ च्या कॉलऱ्यापर्यंत जातो. स्कॉटलंडच्या डॉ. थॉमस लाटा यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांना मीठपाणी चढवलं. पुढे कितीतरी वर्षं सगळी भिस्त नजरेवर आणि घड्याळावरच होती.

सिस्टरांनी आधी गणित घातलं. सलाइनच्या नेहमीच्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. रक्तदाब सावरणारं औषध तासाला २ मिली द्यायचं, तर दीड मिनिटाला एक थेंब. ‘‘आणि पेशंटनं हात दुमडला की तोही चुकला!’’

इन्फ्युजन पंपाचाच एक प्रकार असलेला सिरिंज पंप थेंब मोजत नाही. त्यातली मोटर बारीक टप्प्यांनी स्क्रू फिरवते आणि स्क्रू सिरिंजचा दट्ट्या रेटतो. तासाला २ मिलीच्या वेगाने ५० मिलीच्या सिरिंजमध्ये हा दट्ट्या तासाभरात सरकतो जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर! या संथपणावर माणसाचा जीव तगून असतो, या विचाराने मी थक्क झालो.

‘‘पण लावला आणि झालं, असं नसतं,’’ सिस्टर म्हणाल्या. दट्ट्यामागची बारीक फट भरेपर्यंत औषध पुढे जातच नाही. म्हणून नळीच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत पंप चालवायचा, मगच रुग्णाला जोडायचा.

पुढची सगळी दुपार पंपाच्या अडचणी ऐकण्यातच गेली. सिरिंजची कंपनी चुकीची निवडली की वेग चुकतो. २.० चे २० झाले की औषध दसपट. नळी दबली तरी एवढ्या कमी वेगात दाब साठायला वेळ लागतो, त्यामुळे अलार्म उशिरा वाजतो. तेव्हा घाईने नळी मोकळी केली, तर तुंबलेलं औषध एकदम शिरेत शिरतं. आधी दाब उतरवावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात पंपांशी संबंधित दुर्घटनांचे सुमारे ५६,००० अहवाल आले होते.

पंप सांगितलं तेवढंच करतो. सांगितलेलं बरोबर आहे का, हे दुसऱ्या सिस्टरने तपासायलाच हवं, आणि त्यासाठी वॉर्डात दुसरी सिस्टर असायला हवी. पंप खरेदी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हा हिशेब आधी करावा.

वाचकांना एकच विनंती. आपलं माणूस आयसीयूत असताना पंप वाजला, तर बटण दाबू नका, नळीला हात लावू नका. सिस्टरांना हाक मारा.