सार्वजनिक पैसा आणि पेढीची शिस्त

पेढीवरील रोकड मेळात आल्यावाचून रात्री दुकान न वाढविणारे गृहस्थ आपल्या व्यापारी समाजात पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्याचकडे एखाद्या वसतिगृहाचे वा वाचनालयाचे खजिनदारपद आले, की हाती पडलेली देणगी खिशातच राहते, खर्च पदरमोडीने भागतो आणि हिशेब सवडीने लिहिला जातो. यात लबाडी नसते. उलट बहुधा त्यांचेच चार पैसे अधिक गेलेले असतात. ‘आपल्याच माणसांकडे पावती काय मागायची?’ ही भिडस्त वृत्ती त्यामागे असते. आमच्या मते लहान संस्थांचा घात या भिडेनेच होतो.

खजिनदार आजारी पडतो, परगावी जातो, कधी अकस्मात निवर्ततो. जो हिशेब केवळ त्याच्या स्मरणात होता, तो मग कोणासच सांगता येत नाही. जन्मभर सचोटीने वागलेल्या माणसाविषयी कुजबुज सुरू होते आणि तिला तोंड द्यावे लागते ते त्याच्या पत्नीस व मुलांस. पावतीचा उपयोग चोर पकडण्यास होतो तसाच, किंबहुना त्याहून अधिक, सज्जनाच्या रक्षणास होतो.

सार्वजनिक न्यासांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १९४८ साली न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. नोंदणी, नियमित हिशेब व त्यांची तपासणी ही त्याची मुख्य अंगे होत. महाराष्ट्रात व गुजरातेत तो आज त्या त्या राज्याच्या नावाने चालू आहे. मध्य प्रदेशात १९५१ चा स्वतंत्र कायदा आहे. तथापि कायदा किमान मर्यादा आखून देतो. लोकांचा विश्वास मिळवावयाचा तर त्यापुढे जावे लागते.

त्यासाठी मोठा नोकरवर्ग नको. पावतीपुस्तकांस अनुक्रमांक असावेत व स्थळप्रती जपाव्यात. आलेली रक्कम परस्पर खर्च न करता पूर्ण बँकेत भरावी. किरकोळ खर्चाची रोकड निराळी ठेवावी. धनादेशावर दोन सह्या असाव्यात, आणि दुसऱ्याने कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवू नये. शिष्यवृत्तीसाठी दिलेला पैसा इमारतीच्या दुरुस्तीस लावू नये, मग छप्पर कितीही गळो. हिशेबतपासनीस खजिनदाराचा आप्त नसावा.

एक गोष्ट आम्हां व्यापाऱ्यांस विशेष लागू आहे. संस्थेस धान्य, कापड वा सिमेंट लागले की विश्वस्ताच्याच दुकानातून माल येतो. भाव कदाचित रास्तही असेल. पण तो रास्त आहे हे ठरविणारा व माल विकणारा एकच असता कामा नये. इतर दुकानांची दरपत्रके मागवावीत, संबंधित विश्वस्ताने त्या ठरावाच्या वेळी बाजूस व्हावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.

उरला सभासदांचा भाग. वार्षिक सभेत हिशेब वाचला जात असता अनेकांचे लक्ष अल्पोपाहाराकडे असते. कोणी प्रश्न विचारलाच तर तो अविश्वास मानला जातो. ही समजूत आता टाकून द्यावी. भागीदाराने वही पाहावयास मागितली म्हणून आपण कधी रागावत नाही. संस्थेत तर देणगीदार, विद्यार्थी व येणारी पिढी हे सारेच भागीदार आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस वही मागण्यासाठी सभेत येताही येत नाही. त्यांच्या वतीने ती आपणच मागितली पाहिजे.